माझा अविस्मरणीय दिवस : मित्रासोबतची मासेमारी (निबंधलेखन, इयत्ता ६ वी)



'माझा अविस्मरणीय दिवस' हा निबंध दिला की वह्यांत काय येतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. सहल, बस, डबा आणि 'खूप मजा आली'. यंदा मी फळ्यावर मुद्दे लिहिलेच नाहीत. स्वतःचा एक दिवस मुलांना सांगितला. तोच इथे देतोय.

आमचं गाव उजनीच्या फुगवट्याकाठी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे आमच्या पिढीने नदी वाहताना कमी आणि पसरलेलीच जास्त पाहिली. सातवीत असताना पावसाळ्यातल्या एका रविवारी मी आणि माझा मित्र गळ टाकायला गेलो. त्याचे वडील मासेमारी करायचे. वर्गात हा शेवटच्या बाकावर गप्प असायचा. पाण्यावर मात्र मलाच गप्प बसवायचा.

गोठ्यामागची गांडुळं, बांबूची काठी, तंगूस आणि मोरपिसाच्या देठाचा तुकडा. तो तुकडा बुडाला की ओढायचं. मी पहिल्याच हिसक्याला ओढायचो आणि गळ रिकामा यायचा. "चाखू दे की तिला जरा," तो म्हणायचा. दुपारपर्यंत त्याच्या पिशवीत सात चिलापी, माझी एक.

मग बुडालेल्या बाभळीपाशी पाण्यावर लालसर ठिपक्यांचा पुंजका दिसला. मरळीची पिल्लं! खालून मोठी मरळ वर आली, तोंडाने हवा घेतली आणि पुन्हा खाली गेली. मी घाईने गळ तिकडे टाकायला गेलो, तर त्याने काठीच धरली. "पिल्लांवर हाय ती. तिला धरली तर बाकीचं मासं पिल्लं खाऊन टाकतील." मी चिडलो. गांडुळांचा डबा पाण्यात भिरकावला आणि घरी निघालो. तो मागून आला, काही न बोलता दोन चिलापी माझ्या हातात दिल्या.

इथेच थांबलो असतो तर हा नेहमीचाच निबंध झाला असता. पण पुढच्याच आठवड्यात वर्गात धडा होता, मासे कल्ल्यांनी श्वास घेतात. हा पहिल्यांदाच उठून बोलला, "मरळ वर येऊन हवा बी घेती." वर्ग हसला. गुरुजींनी त्याला खाली बसवलं. त्याचं बरोबर होतं. मरळीला कल्ले असूनही वर येऊन हवा घ्यावीच लागते. मी स्वतः पाहिलं होतं. तरी मी बोललो नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बस्स. आठवीत तो शाळेत आलाच नाही. माझ्यामुळे असं नव्हे, घरची कारणं होती. पण ती नजर राहिली.

वर्गात शांतता पसरली. मग मी एवढंच सांगितलं, पूर्ण दिवस लिहू नका, एक तास लिहा. हातांनी काय केलं ते लिहा. माणूस जसा बोलला तसंच अवतरणचिन्हात लिहा, 'हाय' असेल तर 'हाय'च. प्रमाणभाषा निवेदनात जपू या, पण दुसऱ्याच्या तोंडातला शब्द खोडायचा नाही. (गुण देताना मलाही हे सवयीने जड गेलं. लाल पेन आपोआप चालतो!)

पालकांनो, मुलांना काठावर जरूर न्या, पण एकटं सोडू नका. फुगवट्यात गाळ असतो आणि खोली वरून कळत नाही.

वह्या सोमवारी आल्या. एका मुलीने तिच्या आजीशी झालेलं भांडण लिहिलंय. अजून तपासलेली नाही, दोनदा वाचली आहे.