पोफळीत पावसाळ्यात तिबोटी खंड्या

प्रश्न : पोफळीच्या एका वाचकाने नवा कॅमेरा घेतला आहे. तिबोटी खंड्या कधी दिसेल आणि घरट्याजवळ किती जावे, असे त्यांनी विचारले आहे.

उत्तर : जपानच्या होक्काइदोत छायाचित्रकार बर्फातल्या क्रौंचांसाठी हिवाळ्याची वाट पाहतात, कोकणात या खंड्यासाठी मृगाची. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा काळ. चोचीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत आडवे बीळ कोरतो. नर-मादी दोघेही पिलांना पाली, सापसुरळ्या, खेकडे, बेडूक भरवतात. कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे सावलीतले ओढे शोधायला उत्तम.

पहिले काही दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा.

चोचीत भक्ष्य घेऊन पक्षी फांदीवर अडून बसला, बिळाकडे जाईना, तर माणूस फार जवळ आला आहे. तिथून लगेच मागे सरावे. बिळासमोरची फांदी छाटू नये, फ्लॅश वापरू नये. झाडीत उजेड कमी, म्हणून तिपाई लावावी, आयएसओ १६०० ते ३२०० ठेवावा. फोटोत थोडे कण दिसतील, चालेल. बिळाची जागा मात्र कुणाला कळवू नये.