शेततळ्यासाठी माशांचे बेणे निवडताना



पुसद-उमरखेड भागात ज्यांनी उसासाठी शेततळे खणले आहे, त्यांना त्यात मासेही घेता येतात. मात्र मोठा मासा कोणता, हे विचारण्याआधी आपल्या तळ्यात पाणी किती महिने टिकते, ते पाहावे.

१) आठ-दहा महिने पाणी टिकत असेल तर कटला, रोहू व मृगळ एकत्र सोडावेत. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो, म्हणून एकाचा घास दुसरा खात नाही. हेक्टरी ५००० च्या हिशेबाने १० गुंठे पाण्यात २०० कटला, १५० रोहू व १५० मृगळ पुरे. दाट उसासारखा दाट मासाही खुरटतो.

२) पाणी लवकर आटत असल्यास बारीक जिरे घेऊ नये. तीन-चार इंची बोटुकलीच घ्यावी.

३) तळ्यात पाणवनस्पती माजत असल्यास थोडे गवत्या मासे सोडावेत. सायप्रिनस माती उकरतो, कच्च्या बांधाला तो नको.

४) मरळीला भाव चांगला, पण ती बोटुकली गिळते. थाई मागूर पाळण्यास तर बंदीच आहे. पुरात तो नाल्यात गेला की गावठी मासे फस्त करतो.

कटला-रोहू साठल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शनने माशांचे बीज काढून दाखविले, तेव्हापासून बीज मिळणे सोपे झाले. ते दरवर्षी खात्रीच्या केंद्रातूनच आणावे.

आणि उसाला मोटर लावताना तळ्यात चार-पाच फूट पाणी राखावे. तेवढे राखणे जमत नसेल, तर मासे सोडूच नयेत.