इंग्रजी वाक्प्रचार आणि व्यापाऱ्याचा पत्रव्यवहार

परप्रांतीय पेढ्यांशी होणारा आपला पुष्कळसा पत्रव्यवहार इंग्रजीत चालतो. मराठी, कानडी वा गुजराती बोलणारे दोन व्यापारी कागदावर इंग्रजीतच भेटतात. अशा पत्रातील शब्दन् शब्द ओळखीचा असूनही वाक्याचा अर्थ हुकतो, असे अनेकदा घडते. याचे कारण, तेथे शब्दांचा वाक्प्रचार झालेला असतो. ‘अमक्या पेढीने हात वर केले’ असे आपण म्हणतो, तेव्हा पेढीला हात नसतात हे आपण जाणतोच. इंग्रजी वाचतानाही हीच जाणीव ठेवावयास हवी.

प्रथम आम्हां धान्यवाल्यांच्या जिव्हाळ्याचा शब्द घेऊ. ‘ग्रेन’ म्हणजे धान्य, हे शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु ग्रेन हे वजनही आहे. जुना तोळा 180 ग्रेनचा होता. ‘विथ अ ग्रेन ऑफ सॉल्ट’ यातील ग्रेन म्हणजे मिठाचा कण. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी याने विषावरील एका उताऱ्यात मिठाचा कण घालावयास सांगितले आहे. त्याच्याशी या वाक्प्रचाराचा संबंध जोडतात. अर्थ असा की, ऐकलेल्या गोष्टीवर संपूर्ण भरवसा ठेवू नये. तूर उद्या चढणारच, असे दलाल छातीवर हात ठेवून सांगतो तेव्हा हा कण जवळ असावा! ‘अगेन्स्ट द ग्रेन’ यात मात्र धान्यही नाही आणि कणही नाही. तेथे ग्रेन म्हणजे लाकडाची रेषा. तिच्या उलट रंधा मारला की तो अडतो. तद्वत मनाच्या कलाविरुद्ध जाणारी गोष्ट.

‘कॉर्न’ हा शब्दही असाच फसवा आहे. ब्रिटनमध्ये तो सामान्यतः धान्यास लावीत. अमेरिकेत त्याचा अर्थ मका. ब्रिस्टल शहरातील 18 व्या शतकातील कॉर्न एक्सचेंजसमोर काशाचे चार खांब आहेत. त्यांना ‘नेल’ म्हणजे खिळे म्हणतात. व्यापारी त्यांवर पैसे मोजून व्यवहार पुरा करीत. ‘पे ऑन द नेल’ म्हणजे रोकडा व्यवहार, तो यावरूनच आला असे तेथे सांगतात. भाषापंडित मात्र ही व्युत्पत्ती निर्विवाद मानीत नाहीत. अर्थाविषयी दुमत नाही: या शब्दांत उधारीला जागा नाही.

‘पिग इन अ पोक’ विकत घेणे, म्हणजे पोते न उघडता आतील जनावराचे मोल देणे. आपली ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण हेच सांगते. वानगी न पाहता सौदा करू नये, हे दोन्ही देशांतील बाजारांनी स्वतंत्रपणे जाणले. उलट ‘रेनी डे’साठी पैसे राखावे, हे वाचून आपला शेतकरी चकित होईल, कारण त्याच्या लेखी पावसाचा दिवस हाच भाग्याचा. तेथे मात्र तो अडचणीचा दिवस ठरला.

आता ज्यात पैसा गुंततो अशी दोन उदाहरणे. ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ यातील कोर्टाचा न्यायालयाशी काही संबंध नाही. ते टेनिसचे मैदान होय. चेंडू तुमच्याकडे आहे, आता पुढील पाऊल तुम्ही उचलावे, एवढाच भाव. हे न उमगल्यास एक पक्ष उत्तराची वाट पाहतो आणि दुसरा समन्सची. मधल्या काळात भाव उतरतो, गुदामभाडे चढते.

दुसरे उदाहरण ‘आर्म्स लेंग्थ’ हे. शब्दशः हातभर अंतर. 2001 च्या वित्त अधिनियमाने ‘आर्म्स लेंग्थ प्राइस’ ही संज्ञा भारतीय आयकर कायद्यात आणली. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन पक्षांत जी किंमत ठरली असती, ती ही किंमत. आपल्या पेढ्या बहुधा भावाभावांच्या व काका-पुतण्यांच्या. म्हणून करारात हे शब्द दिसताच समजावे, की नाते घरी ठेवून सख्ख्या भावाशीही बाजारभावानेच वागावयाचे आहे.

अशी गफलत इंग्रजी ज्यांची मातृभाषा त्यांनाही चुकत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांत ‘टेबल’ या शब्दावरून बराच वेळ वाद झाला, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धेतिहासात नमूद केले आहे. प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे तो तत्काळ विचारार्थ मांडणे, असे ब्रिटिश समजत. अमेरिकन समजत, तो बाजूस ठेवणे. मुद्द्यावर मात्र दोघे सहमतच होते!

यास्तव आमची विनंती एवढीच, की शब्द सोपे असूनही वाक्य चमत्कारिक वाटले, तर तेथे वाक्प्रचार आहे असे समजून थांबावे; कोशात मुख्य शब्दाखाली तो शोधावा. तरीही शंका उरली, तर ‘आपल्या पत्राचा आम्ही असा अर्थ घेतला आहे’ असे साध्या भाषेत लिहून उलट पत्री खात्री करून घ्यावी. विचारण्यात कमीपणा नाही. माल तोलून घेतो, तसा शब्दही तोलूनच घ्यावा.