मोटार अडखळते तेव्हां



कार्यकारणभावाची व्याख्या पाठ करणें निराळें आणि कार्य पाहून त्याचें कारण शोधून काढणें निराळें. ही दुसरी विद्या शिकण्यास एक जुनी मोटारगाडीही पुरते. उदाहरणादाखल आम्ही स्वीडन देशांतील साब कंपनीची, १९७८ सालीं विक्रीस आलेली '९९ टर्बो' ही गाडी घेतों. समजा, अशी गाडी उभी असतां सुरळीत चालते, सपाट रस्त्यावर सावकाश धांवते. परंतु चढावर किंवा दुसऱ्या वाहनास मागें टाकतांना जोर मागितला कीं अडखळते. हा दोष क्षुल्लक नव्हे. समोरून वाहन येत असतां जोर न मिळणें, म्हणजे जिवाशींच गांठ आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. एंजिनांतून बाहेर पडणारा जळका वायु एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनांत लोटतें. यासच टर्बोचार्जर म्हणतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. हवा अधिक, म्हणून जळणारें पेट्रोल अधिक, म्हणून शक्ति अधिक. मात्र चक्रास वेग येईपर्यंत थोडा वेळ जातो. क्षणभर थांबून मग जोर एकसारखा वाढत गेला, तर तो गाडीचा स्वभाव समजावा; हिसके बसले, तर रोग समजावा.

गाडी अडखळली कीं पुष्कळ लोक टर्बोचार्जरवरच आरोप ठेवितात व तो महागडा भाग बदलून टाकितात. परंतु दोष जोर मागितल्यावरच कां दिसतो? कारण हवेचा दाब तेव्हांच वाढतो. तो वाढला असतां कोणते भाग उणे पडतील, हें शोधावें.

पहिला भाग रबरी नळी. टर्बोचार्जरपासून एंजिनाकडे जाणारी नळी चिरली असेल, तर दाब येतांच चीर उघडते व फुसकारा ऐकूं येतो. या गाडींत हवेचें मोजमाप टर्बोचार्जरच्या आधींच होतें. त्या मापानें पेट्रोल सोडलें जातें, पण हवा वाटेंत निसटते. म्हणून काळा धूर निघतो. दुसरा भाग स्पार्क प्लग. दाट हवेंतून ठिणगी उडविण्यास विजेचा दाब अधिक लागतो. प्लगची फट झिजून रुंदावली, तर ठिणगी चुकते. तिसरा पेट्रोलचा पुरवठा. गाळणी तुंबली किंवा पंप दुबळा झाला, तर वाढती मागणी पुरी होत नाहीं. हा दोष सर्वांत घातक. पेट्रोल कमी पडल्यास एंजिनांत ठोके पडून दट्ट्या वितळण्यापर्यंत मजल जाते. म्हणून निदान होईपर्यंत गाडीस जोर लावूं नये.

परीक्षेचा क्रमही हाच ठेवावा. एंजिन बंद व थंड असतां नळ्या वांकवून पाहाव्या. मग प्लगची फट मोजावी. मग जाणत्या मिस्त्रीकडून पेट्रोलचा दाब तपासून घ्यावा. टर्बोचार्जरचा दांडा ढिला आहे काय व निळा धूर निघतो काय, हें शेवटीं पाहावें. एका वेळीं एकच भाग बदलावा. दोन बदलले, तर गुण कशानें आला हें कळणार नाहीं.

वर्गांत कोणाची लेखणी हरवली कीं ज्याचें नांव आधींच वाईट झालें आहे, त्याच्याकडेच सर्वांचीं बोटें वळतात. निकदेमानें परूश्यांपुढें ज्या न्यायाचा आग्रह धरिला, तो आधीं चौकशी मागतो. यंत्रापाशीं ही संवय जडली, तर माणसांविषयीं निवाडा करतांनाही ती आपल्या उपयोगी पडेल.