सवलत नव्हे, हक्क



रविवारी मिस्साला येण्यासाठी आपल्याला कोणाची परवानगी काढावी लागत नाही. हे स्वातंत्र्य आपल्या किनाऱ्यावर सहज आलेले नाही. त्याचा थोडा इतिहास आज पाहू.

१. गोव्यात सक्ती

पोर्तुगिजांच्या गोव्यात 1560 साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. 1774 ते 1778 हा खंड सोडल्यास ते 1812 पर्यंत चालले. त्या सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश भाविकांनी पोर्तुगीज हद्दीबाहेर प्रियोळला नेला. बाप्तिस्मा घेतलेलेही सुखात नव्हते. जुने रीतिरिवाज पाळल्याच्या संशयावरून त्यांनाच या न्यायालयापुढे उभे केले जाई.

२. मुंबईत सवलत

1661 च्या विवाह-तहाने मुंबई बेट इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला आंदण मिळाले. बेटावरील कॅथलिकांना आपला धर्म पूर्वीप्रमाणे पाळू द्यावा, अशी अट तहात होती. त्या काळी खुद्द इंग्लंडमध्ये उघडपणे मिस्सा करण्यास बंदी होती! याच राजाने 1663 मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड वसाहतीला धर्मस्वातंत्र्याची सनद दिली होती.

1668 साली राजाने मुंबई वर्षाला 10 पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. कंपनीला व्यापारी आणि कारागीर हवे होते. 1677 मध्ये दीवचा व्यापारी निमा पारेख याने मुंबईत येण्यासाठी अटी घातल्या: आमचे धार्मिक विधी आम्हाला करू द्यावेत, मृतांचे दहन करू द्यावे आणि आमच्यापैकी कोणालाही ख्रिस्ती होण्याची सक्ती करू नये. दीव पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, हे लक्षात घेतले की शेवटच्या अटीचा अर्थ कळतो. कंपनीने अटी मान्य केल्या.

पण ही उदारता व्यापाराच्या हिशेबातून आली होती. 1720 मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंच्या निष्ठेविषयी संशय येताच इंग्रज गव्हर्नरने त्यांना बेटाबाहेर काढले व त्यांच्या जागी कार्मेलाईट धर्मगुरू आणले. सवलत देणाऱ्याच्या हाती ती काढून घेणेही असते.

३. ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा दिला. धर्मस्वातंत्र्याचा पाया मानवाची प्रतिष्ठा हा आहे, ते सरकारची मेहेरबानी नाही, असे त्यात शिकवले आहे. म्हणून हा हक्क आपल्याला आहे तितकाच शेजाऱ्यालाही आहे. आपल्या राज्यघटनेचे 25 वे कलमही सर्व व्यक्तींना सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते.

येशूने तरी काय केले? श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा प्रभूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले होते, पण त्याला अडवले नाही (मार्क 10:17-22). श्रद्धा ही हाक आहे; तिला उत्तर मोकळ्या मनानेच देता येते. सत्याच्या नावाने झालेल्या सक्तीबद्दल पोप जॉन पॉल दुसरे यांनी 12 मार्च 2000 रोजी देवाकडे क्षमा मागितली. गोव्याचा इतिहास सांगताना आपणही तो लपवू नये.

घरी चर्चा करा

• शेजाऱ्याच्या सणाला, पूजेला, नमाजाला आपण मनापासून मान देतो का?
• आपल्या मुलांना प्रार्थनेची गोडी लावतो, की फक्त धाक दाखवतो?
• दुसऱ्या धर्माच्या माणसावर अन्याय होतो तेव्हा आपण बोलतो का?

प्रार्थना: हे प्रभो, तू आम्हाला मोकळे निर्माण केलेस. इतरांचे मोकळेपण जपण्याचे धैर्य आम्हाला दे. आमेन.