पंचवीस मीटरपलीकडची नजर

मालवाहू ट्रकचा परवाना काढताना वा त्याचे नूतनीकरण करताना चालकास डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील हा ‘फॉर्म १-ए’. मुंबई–आग्रा महामार्गालगतच्या आपल्या रुग्णालयात तो घेऊन येणाऱ्यांची ये-जा वर्षभर असते. एका सहीसाठी नेत्रविभाग चालकाचा अर्धा दिवस का घेतो, असे काही देणगीदारांनी आम्हांस विचारले. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

नियमाची मुख्य कसोटी साधी आहे : दिवसाच्या चांगल्या उजेडात, लागत असल्यास चष्मा लावून, २५ मीटरवरील मोटारीची नंबरपट्टी ओळखता यावी. रंगांधळेपणाची अट २०२० मध्ये शिथिल झाली. सौम्य व मध्यम दोष असणाऱ्यास आता परवाना मिळू शकतो, तीव्र दोष असणाऱ्यास नाही.

आता थोडा हिशेब. तो आमच्या सवयीचा विषय. ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर जातो. म्हणजे २५ मीटर संपावयास दीड सेकंद पुरतो. भरलेला ट्रक तेवढ्यात थांबत नाही. शिवाय कसोटी दिवसाची आणि कांद्याच्या गाड्या बहुधा रात्री निघतात. मोतीबिंदूच्या सुरुवातीस दिवसा तक्ता नीट वाचता येतो, पण समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपतात. काचबिंदू त्याहून फसवा. तो बहुधा दुखत नाही. बाजूची नजर आधी हिरावतो आणि समोरची दृष्टी बराच काळ ६/६ राहू शकते. असा चालक तक्त्यावर उत्तीर्ण होतो, पण कडेने येणारा दुचाकीस्वार त्याला दिसेलच असे नाही. म्हणून आम्ही दिव्याखाली भिंग तपासतो, डोळ्यांचा दाब मोजतो, गरज वाटल्यास थेंब घालून पडदा पाहतो.

पूर्वी आमच्याकडेही अक्षरांचा तक्ता एकच होता. एका प्रौढ चालकाने तो न अडखळता वाचला. तंत्रज्ञांना शंका आली, त्यांनी दुसरा तक्ता लावला आणि ते गृहस्थ गप्प झाले. रांगेत उभे राहून त्यांनी पुढच्यांची उत्तरे पाठ केली होती. “सही नाही झाली तर मालक गाडी दुसऱ्याला देईल,” एवढेच ते म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियांचा खर्च आपल्या निधीतून झाला व पुढे त्यांना प्रमाणपत्रही देता आले. मधल्या काळात बुडालेल्या खेपांसाठी मात्र आमच्या खातेवहीत सदर नव्हते, आजही नाही. विश्वस्त मंडळाने या तरतुदीचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. सही नाकारणे आम्हांस सोपे असते. त्या दिवशी घरी काय सांगायचे, हा प्रश्न चालकाचा असतो.

२०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा परवान्याचे नूतनीकरण सर्वसाधारणपणे तीन वर्षांऐवजी पाच वर्षांनी होते. चाळिशी ओलांडलेल्या वा मधुमेही डोळ्यांसाठी पाच वर्षे फार झाली. घरच्या मंडळींनी चालकास वर्षातून एकदा, परवान्याचे काम नसतानाही, तपासणीस आणावे. येताना जुना चष्मा व चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी. थेंब घातल्यावर काही तास नजर धूसर राहते, म्हणून त्या दिवशी चालकाने स्वतः गाडी चालवीत येऊ नये.