किडनीतल्या पाण्याच्या गाठी : पाप नव्हे, जनुकांचा वारसा



“वडील डायलिसिसवर गेले, आता थोरल्या भावाच्याही किडनीत गाठी निघाल्या. घराण्याला नजर लागली का, ताई?” सातारा-सांगलीच्या वस्त्यांत कुणी असे विचारले, तर उत्तर एकच : नजर नाही, मागच्या जन्माचे पापही नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माचा सिद्धान्त तपासताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला आहे : मुलाचा देह आईवडिलांच्या वारशातून घडतो.

प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून मिळते. मोठेपणी दिसणाऱ्या या आजारात दोष बहुधा १६व्या किंवा ४थ्या गुणसूत्रावरील जनुकात असतो. एकच सदोष प्रत पुरेशी. म्हणून प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका ५० टक्के. छाप की काटा, तसेच. यात सुनेला किंवा आईला बोल लावणे अन्याय आहे. ज्याला सदोष प्रत मिळाली नाही, त्याच्याकडून ती मुलांना जात नाही. काही रुग्णांच्या घरात मात्र हा आजार आधी कुणालाच नसतो.

लहान बाळांत दिसणारा प्रकार वेगळा आणि दुर्मिळ. त्यात दोन्ही पालकांकडून सदोष प्रत यावी लागते. पालक स्वतः निरोगी असतात, पण प्रत्येक बाळाला धोका २५ टक्के. मामा-आत्याच्या मुलांत लग्ने झाली की ही शक्यता वाढते.

घरात रुग्ण असेल तर :

• अठरा वर्षांवरील सर्व रक्ताच्या नातेवाइकांनी दरवर्षी बीपी तपासावे. बीपी ताब्यात ठेवले तर किडनी जास्त टिकते.
• डॉक्टरांच्या सल्ल्याने सोनोग्राफी करावी. तरुणपणी ती स्वच्छ आली तरी निश्चिंत होऊ नये. चाळिशीनंतर स्वच्छ आली तर बहुधा धोका टळला. उतारवयात एखादी गाठ दिसली म्हणजे हा आजार नव्हे.
• अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. मीठ कमी करावे. तंबाखू, मिश्री सोडावी.
• लघवीत रक्त, कुशीत दुखणे, तापासह जळजळ झाल्यास लगेच दवाखाना गाठावा.
• भाऊ-बहीण किडनी देणार असतील तर आधी त्यांचीच तपासणी व्हावी.

साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा सांगलीचे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय येथे चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येते; रेशनकार्ड व आधार सोबत न्या.

सोयरीक मोडेल या भीतीने आजार लपवू नका. लपवला तर पुढची पिढी बेसावध राहते.